तवंदी घाटातला दुसरा गिअर

तवंदी घाटात गाडी मागं सरकायला लागली तेव्हा मालकांनी आधी गिअरला मारलं आणि मग मला.

मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात, आणि माझ्या तोंडी दुसरा शब्द येत नाही. निपाणीहून आम्ही संकेश्वरला एका बारशाला चाललो होतो. पुढच्या सीटवर सासूबाई होत्या, मागं मी आणि माझी मुलगी. चढावर पुढचा ट्रक हळू झाला म्हणून मालकांनी गाडी तिसऱ्यातून काढली, पण ती दुसऱ्यात पडेना. त्यांनी क्लच दाबून दांडा ओढला, पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी ओढला. तोवर गाडी थांबली आणि मागं यायला लागली. मागच्या ट्रकानं हॉर्न धरून ठेवला. मालकांनी ब्रेक दाबला, दांड्याच्या गोट्यावर मूठ हाणली, गोटा चिरला आणि त्यांचा तळहात फाटला. मग तोच हात तसाच मागं फिरला आणि माझ्या तोंडावर बसला. माझा ओठ दातावर फाटला. माझ्या हनुवटीवर त्यांचं रक्त किती आणि माझं किती, ते मला कळलं नाही.

"मी सांगत हुते," सासूबाई पुढं बघत म्हणाल्या. "हिला बसवू नको म्हणून सांगत हुते."

माझी मुलगी सातवीत होती. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिनं माझा हात धरला नाही, रडलीही नाही. फक्त तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते.

बारशाच्या घरात मी पदर तोंडाला लावून बसले. बायकांनी विचारलं, "दाढ दुखत्या व्हय?" मी मान हलवली. एकीनं लवंग आणून दिली. ती मी फाटलेल्या ओठाशी धरून बसले आणि पाळणा म्हणणाऱ्या बायकांबरोबर ओठ हलवले.

त्या दिवशी घरी आल्यावर मालक अंगणात उभे राहून आपल्या आईला म्हणाले, "पुनवेला डोंगराला जायचंय. अवंदा बेळगाववरनं जाऊया. वाटंत कुठं बी गिअर अडकला, तर हिला हिच्या भावाकडं सोडायचं आणि पुढं जायचं. पोरगी हितंच ऱ्हाईल."

डोंगर म्हणजे सौंदत्तीचा, यल्लम्माचा. आमच्या गावावरून तिकडं जायला गोकाकची वाट जवळची. बेळगाववरून जायचं ते माझ्यासाठीच, कारण माझं माहेर कणकुंबीकडं, आणि तिकडं जायला बेळगावात शिरावं लागतं. हे सगळं ते माझ्यासमोर बोलले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी तिथंच कपडे वाळत घालत होते. मुलीचा गणवेश माझ्या हातात होता. तो मी पिळत राहिले, पाणी संपलं तरी पिळत राहिले.

नवऱ्यानं माहेरी नेऊन टाकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आधी महिन्याभरासाठी म्हणून सोडतात. मग पोरांनी आईला विसरावं म्हणून भेटू देत नाहीत. मार मला माहीत होता. माराचं मला भय नव्हतं असं नाही, पण त्याची वेळ, त्याची जागा, त्याचा आवाज सगळं ओळखीचं होतं. मुलीशिवायचं घर मला माहीत नव्हतं.

गाडीचं दुखणं माझ्यामुळं सुरू झालं, असं सासूबाई सगळ्यांना सांगत. त्याला थोडा आधारही होता. आदल्या पावसाळ्यात मला ताप भरला होता आणि मालकांनी मला गाडीत पुढं बसवून दवाखान्यात नेलं होतं. चढताना तोल गेला म्हणून मी गिअरचा दांडा धरला. त्या दिवसांत मी बाहेरची होते. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यानंतर गिअर जड व्हायला लागला, म्हणून दोष माझ्या हाताचा. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. देवीच्या गाडीला आपला विटाळाचा हात लागला, असं मलाही वाटे. आणि मार बसला की ते जास्तच खरं वाटे.

गाडी जुनी होती. बेळगावातल्या एका वकिलाच्या घरातून घेतलेली. आमच्या घरी आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गिअरच्या दांड्याला तेल-भंडारा लावला. आमच्या घरात जे हत्यार चालतं त्याला तेल-भंडारा लागतो. विळ्याला, कुऱ्हाडीला, कडबा कापायच्या यंत्राला. गाडीत हत्यार कुठलं, तर हातात धरायचा दांडा. तेव्हापासून दर अमावास्येला, दर मंगळवारी आणि गाडी लांब निघायची असेल त्या दिवशी, सासूबाई दांड्यावर तेलाचे थेंब सोडत आणि मूठभर हळदीचा भंडारा बुडापर्यंत ओतत. गिअर जड झाला तशी मूठ मोठी झाली. मग ओंजळ झाली.

मालकांनी गाडी गॅरेजला नेली नव्हती असं नाही. निपाणीतल्या एका गॅरेजवाल्यानं क्लचची केबल बदलली, खालचं गिअर ऑइल बदललं. गाडी परत आली तशीच, आवळच्या आवळ. दुसऱ्यांदा नेली तेव्हा त्यानं खाली झोपून सगळं तपासलं आणि म्हणाला, "खालनं कायबी न्हाय. वरनं उघडून बघायचं तर देवीचं हाय सगळं. तुमी घरच्यांनीच काढा, मी हात लावत न्हाय." मालकांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. त्यातून त्यांनी अर्थ काढला तो असा, की गाडीत खोट नाही, खोट देवीच्या कोपाची आहे. त्या संध्याकाळी मालकांनी मला चुलीपुढून केस धरून उठवलं. भाकरी तव्यावर जळाली. ती जळकी भाकरीही मलाच खायला लावली.

पण घाटानंतर मला बसून राहता येईना. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो, चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला माल नेतो. गोठ्यात शेण काढायला गेले तेव्हा मी त्याला फोन लावला.

"आक्का, रडाय लागलीस काय?" तो म्हणाला.

"न्हाय रं. गिअरचं इचारायचं हुतं."

तो हसला. "कुणाचा गिअर? दाजींचा?"

"गाडीचा."

"बरं झालं. दाजींचा इचारला असतीस तर मला बी ठावं न्हाय. गाडीचा सांगतो. पडताना आवाज येतोय काय? कर्रर्र करून? दात खाल्ल्यागत?"

"न्हाय. आवाज न्हाय. नुसता आवळ. दगडात पहार घातल्यागत."

"सकाळी जास्त का दुपारी?"

हे मला सांगता आलं. दार झाडताना मी रोज त्यांना दांड्याशी झुंजताना पाहत होते. "सकाळी लई. उनात उभी ऱ्हायली की जरा सैल हुतोय."

"बरं. आता ऐक. इंजिन बंद असताना बस. किल्लीला हात बी लावू नको. क्लच पार तळापत्तर दाब आणि पयला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स, सगळं टाकून बघ. बंद गाडीत अलगद पडला तर दोष क्लचचा. बंद गाडीत बी आवळच असंल तर क्लचला उगंच शिव्या देऊ नगा."

"मी गाडीला हात लावायचा न्हाय, असं हाय."

"कुणी सांगितलं?"

म्हैस शेपटीनं माश्या हाकत होती, तो आवाज त्याला ऐकू गेला असेल.

"परत मारलं काय?" भावानं विचारलं.

"तू गिअरचं सांग."

"येऊ काय मी?"

"नको. तू आलास तर तुला बी मारतील आणि मग मला तुझ्यासाठी मारतील. गिअरचं सांग."

तो म्हणाला, "आदी एवढं बघ. मग फोन कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक तंबाखूच्या रानात गेले आणि सासूबाई जेवून सोप्यात आडव्या झाल्या. गाडी शेडात होती. तिच्या दाराचं कुलूप कधीच मोडलं होतं. मी चप्पल बाहेर काढली, देवळात शिरताना काढतात तशी, आणि मालकांच्या जागी बसले. सीटला त्यांच्या पाठीचा खड्डा पडलेला होता. माझे पाय पेडलांना पुरेनात म्हणून मी पार कडेला सरकून बसले. क्लच दाबला तो खाली गेला, सहज गेला. मग दांडा पुढं ढकलला. ढकलेना. खांदा लावून ढकलला तेव्हा अंगातून कळ आली, कारण परवाच्या माराची जागा तीच होती. दांडा चिखलातल्या खुंट्यासारखा सरकला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. सासूबाई खोकल्या, तशी मी उतरले आणि शेडाच्या मागून विहिरीकडं गेले.

"बंद गाडीत बी आवळच हाय," मी फोनवर म्हणाले.

"मग आता एवढंच बघ. कुठल्याच गिअरात नसताना, न्यूट्रलला, दांडा दोन बोटांनी डावी-उजवीकडं हलला पाहिजे. पाळण्यागत."

"त्यो पाळणा न्हाय. त्यो दोन हातांनी बी हलत न्हाय."

"मग क्लच न्हाय, गिअरची पेटी बी न्हाय. दांडाच आवळलाय. बुडाला रबराची झालर असत्या बग, ती उचल. फाटली असंल. आत माती गेली असंल."

आमच्या गाडीत तिथं माती कुठून जाणार? झालर उचलायच्या आधीच मला कळलं आत काय असणार. मी फोन बंद केला आणि विहिरीच्या काठावर बसून राहिले. मी पण देवीची आहे. माझ्या जन्माआधी आईनं डोंगराला नवस केला होता. देवीचा भंडारा पायाखाली आला तर मी तो उचलून कपाळाला लावते. तो खरवडायचा कसा?

रात्री पुन्हा मार बसला. कशावरून, ते आता आठवत नाही. आमटीत मीठ असेल, नाही तर नसेल. मालकांच्या हाताची पट्टी सुटून माझ्या गळ्यात अडकली आणि ती सोडवताना ते आणखी चिडले. मी खाली पडले तेव्हा मला मुलीचे पाय दिसले. ती दारात उभी होती. तिचे गुडघे आता आपटत नव्हते. ते अगदी स्थिर होते, आणि मला ते जास्त भयंकर वाटलं. देवीला जे वाटायचं ते वाटू दे, असं मी जमिनीवर पडल्या पडल्या ठरवलं.

पौर्णिमा जवळ आली होती. मुलगी शाळेत गेली, मालक रानात गेले, सासूबाई शेजारी वाती वळायला गेल्या. मी परात, उलथनं, केसांचा आकडा आणि जुनं धडपं घेऊन शेडात गेले. आधी दांड्याला हात जोडले. "आई, तुझंच तुला परत देत्या," असं म्हणाले. मग रबर उचललं. ते मागच्या बाजूनं चिरलं होतं, आणि आत दांड्याभोवती पिवळा दगड झाला होता. तेल आणि हळद वर्षानुवर्षं एकावर एक बसून, उन्हात वाळून, थंडीत आवळून, दांड्याच्या सांध्याला चारी बाजूंनी विटेसारखी धरून बसली होती. वरचा थर सोनेरी, खालचा तपकिरी, अगदी तळाशी काळा. वास मात्र अजून हळदीचा येत होता. माझ्या लग्नात मला लावलेल्या हळदीचा.

मी उलथन्याची धार घातली. ती घसरली. पुन्हा घातली. वरून दगडानं ठोकली. पहिला तुकडा उडाला तो माझ्या गालाला लागला. मग मला काय झालं कळत नाही. मी ठोकत सुटले. अंगात बळ आलं. दात आवळले गेले. मी इतकी वर्षं कुणालाच मारलं नव्हतं, कुत्र्यालासुद्धा नाही. परातीत तुकडे पडत होते, खडीसाखरेसारखे, आणि मी रडत नव्हते. आकड्यानं सांध्यातलं कोरून काढलं. कडबाकुट्टीच्या यंत्राचं ग्रीस बोटानं आत भरलं. मग दांडा धरला. दोन बोटांनी. तो डावीकडं गेला, उजवीकडं आला. पाळण्यासारखा.

तेवढ्यात सासूबाईंची किंकाळी ऐकू आली.

त्या शेडाच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी गाडीत गुडघ्यावर होते, कोपरापर्यंत पिवळी, समोर परातीत देवीचे तुकडे. "देवीला खरवडली गं हिनं! उलथन्यानं खरवडली!" त्यांनी तोंडावर हात मारून घेतले. रानातून मालक पळत आले. आईला साप चावला असं त्यांना वाटलं असेल.

मी उतरायला लागले. एक पाय खाली टेकला, उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. मालकांनी दार लोटलं. नुसतं लोटलं नाही, दोन्ही हातांनी आपटलं. माझी दोन बोटं आत होती. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तो वाळलेल्या तुरीच्या काटकीसारखा होता. मी ओरडले नाही, कारण श्वासच आला नाही. दार पुन्हा उघडेपर्यंत मी तशीच उभी होते, बोटांनी गाडीला टांगल्यासारखी.

दार उघडून त्यांनी मला बाजूला फेकलं आणि आत बसले. काय करायचं म्हणून बसले ते मला माहीत नाही. कदाचित मी काय मोडलं ते बघायला. त्यांनी दांड्यावर हात टाकला, नेहमीसारखा सगळ्या अंगाचा जोर लावून, आणि दांडा इतका अलगद गेला की ते स्वतःच पुढं कोलमडले. त्यांचं कपाळ काचेला लागलं. मग त्यांनी पुन्हा टाकला. पहिला. दुसरा. पुन्हा दुसरा. मी जमिनीवर बसून हाताला पदर गुंडाळत होते आणि ते गाडीत बसून दुसरा गिअर टाकत होते, काढत होते, टाकत होते. सासूबाई रडायच्या थांबल्या.

दवाखान्यात ते मला स्वतः घेऊन गेले. "वाऱ्यानं दार आपटलं," असं त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या पिवळ्या कोपरांकडं पाहिलं. मी म्हणाले, "व्हय. वारा."

परातीतले तुकडे मी डाव्या हातानं विहिरीत सोडले.

पौर्णिमेच्या सकाळी मी माझी पिशवी भरली. दोन लुगडी, झंपर, चार्जर. मालकांनी पिशवी आणू नको असं सांगितलं नव्हतं, म्हणून मी आणली आणि मागच्या सीटखाली सरकवली. मोडलेली बोटं फळीला बांधलेली होती. सासूबाई न्हाऊन, देवीच्या नावानं हिरव्या बांगड्या भरून आल्या. त्यांच्या ओंजळीत भंडारा होता, आजवर कधी नव्हता एवढा. देवीची माफी मागायची होती. त्या दाराशी आल्या, हात आत घातले आणि दांड्यावर ओंजळ उलटी करणार, तेवढ्यात मालकांनी त्यांचं मनगट धरलं.

"तितं न्हाय," ते म्हणाले.

"आरं देवीचं हाय—"

"तितं न्हाय म्हनतो न्हवं!" त्यांनी मनगट पिळलं. बांगड्या फुटल्या. काचा आणि भंडारा आणि रक्ताचे दोन थेंब सीटवर पडले. म्हातारी वाकली. "बॉनेटवर वत, चाकावर वत, माझ्या डोसक्यावर वत. तितं वतायचं न्हाय."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. त्या दिवशी शेडातच कळलं होतं. माझ्या बोटांकडं मात्र त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही. सासूबाईंचं मनगट पिळलं गेलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. ते चांगलं नव्हतं. आणि लगेच मला त्या वाकलेल्या बाईची ओळख पटली, आरशात पाहिल्यासारखी. माझे सासरे त्यांना गिअरशिवाय मारायचे, एवढं मी ऐकून होते.

तवंदी घाट आला. पुढं ट्रक होताच. मालकांनी गाडी तिसऱ्यातून काढली. मी डोळे मिटले. दुसरा पडला. कसलाही आवाज न करता पडला आणि गाडी चढून गेली. मी मनात उदो म्हणाले. मला वाटलं सुटले.

पण सासूबाई मनगट मांडीवर धरून सगळ्या वाटेनं धुमसत होत्या. बेळगाव जवळ आलं, हायवेवरून गावात शिरायचा रस्ता दिसायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिला सोड भावाकडं."

"गिअर पडतोय की," मालक म्हणाले.

"पडू दे न्हायतर न पडू दे. देवीवर उलथनं चालवलेली बाई डोंगराला घिऊन मी जाणार न्हाय. तुझ्या आईचा हात मोडलास तिच्यापायी. हिला सोड, न्हायतर मी हितंच उतरत्या."

मालकांनी गाडी फाट्यावर कडेला घेतली. इंजिन चालू होतं. डावीकडं गाव आणि गावातून माझं माहेर, सरळ डोंगर. कुठलाच गिअर टाकलेला नव्हता. मालकांचा हात दांड्यावर होता आणि दांडा त्यांच्या बोटांखाली थरथरत होता. मला वाटलं, मी एवढं सगळं केलं ते दांड्यासाठी केलं, आणि आवळलेलं होतं ते दुसरंच. ते उघडून बघायला झालर नाही.

"पिशवी काढ," ते मागं न बघता म्हणाले.

मी डाव्या हातानं सीटखाली चाचपडले. माझ्या आधी मुलगी वाकली. तिनं माझी पिशवी ओढून वर काढली. मग पुन्हा वाकली आणि आणखी एक पिशवी काढली, मी कधी न पाहिलेली, खताच्या पोत्याची शिवलेली, तोंडाला सुतळी बांधलेली. ती तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली.

मालकांना ती आरशात दिसली. "ही कुणाची?"

"माझी."

"काय हाय त्यात?"

"गणवेश. पुस्तकं. पांघरूण." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मामाच्या गावात शाळा हाय. सातवीपत्तर हाय, म्या इचारलंय. आई उतरली तर मी बी उतरणार, आप्पा."

"गप बस!" सासूबाई म्हणाल्या.

मालक मागं वळले. हात उठला. तोच हात, तळहातावर घाटातली जखम अजून गुलाबी होती. मी मुलीच्या पुढं झाले, फळी बांधलेला हात पुढं धरून. पण मुलीनं मला बाजूला सारलं आणि तोंड पुढं केलं. तिनं डोळे मिटले नाहीत. ती त्यांच्या हाताकडं नाही, त्यांच्याकडं पाहत होती. घाटात खिडकीबाहेर बघणारी माझी मुलगी.

हात हवेत राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मागं एका बसनं हॉर्न मारला, कारण आमची गाडी अर्धी रस्त्यात होती. पुन्हा मारला. कंडक्टरनं दाराबाहेर लोंबकळून कन्नडमधून शिवी घातली. मालकांनी आधी बसकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता. मग तो हात खाली आला आणि दांड्यावर बसला. पहिला गिअर पडला.

गाडी सरळ डोंगराकडं गेली. सासूबाई उतरल्या नाहीत. पुढं वाटेत यरगट्टीला मालकांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि माझा ग्लास माझ्या डाव्या हातात दिला.

त्यानंतर त्यांचा हात कधीच उठला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. उठला. पण माहेरी सोडतो हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही, आणि हात उठायच्या आधी ते मुलगी घरात आहे का ते बघू लागले. गाडी अजून आहे. तिच्या दांड्याचं नवं रबर भावानं आणून दिलं. सासूबाई भंडारा बॉनेटवर टाकतात. माझी दोन बोटं वाकत नाहीत, म्हणून पेन मी उरलेल्या बोटांत धरते, आणि अक्षर चौथीतल्या मुलीसारखं येतं. मी चौथीतच शाळा सोडली होती.

डोंगरावरून परत आल्यावर मी माझी पिशवी रिकामी केली, लुगडी घडी घालून पेटीत ठेवली. मुलीनं तिची पिशवी माळ्यावर ठेवली. ती आता बारावीत आहे. दर जूनमध्ये ती शिडी लावून वर चढते, पिशवीतला जुना गणवेश काढून नवा ठेवते, आणि सुतळी पुन्हा बांधते.